अपेंडिक्सवरचा आळ

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागलं की पळस्पे फाट्यानंतर थोड्याच वेळात कोन येतं. इथूनच एक रस्ता सावळ्यावरून रसायनीकडे जातो. मूळ गाव, भोवतालची शेतं आणि त्यांच्यात उभे राहिलेले टॉवर, असं आजच्या कोनचं रूप आहे. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी २०१६ साली ज्या २४१७ घरांची सोडत निघाली, ती घरंही इथलीच. रायगडातली जुनी घराणी, परळ-लालबागच्या चाळींत आयुष्य काढलेली कुटुंबं आणि कामधंद्यासाठी आलेले लोक आता इथे शेजारी शेजारी राहतात. बोली वेगळी, सणवार वेगळे. पण मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की काही काळज्या कुठल्याही घरात सारख्याच असतात. त्यांतली एक काळजी पोटाच्या उजव्या बाजूच्या दोन-तीन इंचांच्या व्रणाची.

शाळकरी वयात मुलीचं अपेंडिक्स काढलेलं असतं. आठवड्यात टाके निघतात, महिन्याभरात ती पुन्हा शाळेत जायला लागते, घरातले ते विसरूनही जातात. स्थळ सांगून येतं तेव्हा मात्र आईला तो व्रण आठवतो. सांगावं की सांगू नये? न सांगता लग्न होतं, आणि वर्ष-दीड वर्षात दिवस राहिले नाहीत की सासरच्या बायकांत कुणीतरी विचारतंच, “हिचं पोटाचं ऑपरेशन झालंय ना?” तिथून पुढे सगळा दोष त्या व्रणाला आणि व्रणामार्फत त्या मुलीला चिकटतो.

हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो. वेळेवर काढलेल्या अपेंडिक्समुळे मूल होण्यात अडथळा येत नाही, हे गेल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. आणि या खोट्या आरोपामागे ज्या गोष्टींनी खरोखर नुकसान होतं त्या बिनचौकशीच्या राहतात: घरात घालवलेले दुखण्याचे दोन दिवस, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग, लहानपणी येऊन गेलेला क्षय, आणि नवऱ्याची कधीच न झालेली तपासणी.

संशय मुळात आला कुठून, हे शरीराच्या रचनेकडे पाहिलं की कळतं. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली, करंगळीएवढी नळी. तिच्यापासून जवळच उजवं अंडाशय आणि उजवी गर्भनलिका असते. गर्भनलिकेची लांबी दहा-बारा सेंटिमीटर. ती गर्भाशयात शिरते तिथे आतली वाट जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद. दुसऱ्या टोकाला झालर असते. अंडाशयातून सुटलेलं बीज ही झालर टिपून घेते, शुक्राणूशी त्याची गाठ याच नळीत पडते आणि पुढच्या काही दिवसांत फलित बीज इथूनच गर्भाशयाकडे ढकललं जातं. इतक्या नाजूक वाटेच्या शेजारी अपेंडिक्स फुटलं, तर पू खाली ओटीपोटाच्या तळाशी उतरतो. तो पसरू नये म्हणून शरीर आतडी, चरबीचा पडदा, नळी, जे जवळ असेल ते एकमेकांना चिकटवून टाकतं. त्या घटकेला यानेच जीव वाचतो. पण पू गेल्यावरही चिकटलेले भाग सुटत नाहीत. झालर अशी अडकली, तर बीज सुटूनही नळीत पोचत नाही.

१९८६ साली अमेरिकेतल्या सिॲटलच्या बेथ म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नळ्यांच्या दोषामुळे गर्भ न राहिलेल्या स्त्रिया आणि मुलं झालेल्या स्त्रिया यांचा पूर्वेतिहास त्यांनी ताडून पाहिला. ज्यांना आधी कधीच मूल झालं नव्हतं त्यांच्यात, अपेंडिक्स फुटल्याचा इतिहास असेल तर नळ्यांच्या वंध्यत्वाचा धोका जवळपास पाचपट दिसला. हा आकडा गाजला. त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, तो मागे पडला: अपेंडिक्स फुटण्याआधी काढलं असेल, तर धोका वाढलेला दिसला नाही.

तेरा वर्षांनी स्वीडनमधल्या संशोधकांनी उलट बाजूने हाच प्रश्न तपासला. १९६४ ते १९८३ या काळात पंधरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्या ९८४० मुलींच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि पुढे त्या आई झाल्या का, ते पाहिलं. ज्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं त्यांनाही इतर बायकांइतकीच मुलं झाली होती. हा निबंध १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मग स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या शल्यविशारदांनी ब्रिटनमधल्या लाखो स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फक्त अपेंडिक्स काढलेल्या ५४,६७५ स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या ५४.४ टक्के जणींना पुढे गर्भधारणा झाली. ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ४३.७ टक्के होतं. म्हणून कुणी धडधाकट अपेंडिक्स काढून घ्यायला जाऊ नये. एवढ्या आकड्यांवरून ऑपरेशनमुळेच गर्भ राहिला असं म्हणता येत नाही. पण ऑपरेशन झालेली मुलगी आई होण्यात मागे पडते, या समजाला मात्र इतक्या मोठ्या नोंदींत कुठेच आधार सापडला नाही.

पहिला अभ्यास आणि पुढचे अभ्यास एकमेकांविरुद्ध जातात असं वाटेल. पण त्यांची दिशा वेगळी होती. सिॲटलचा अभ्यास मूल न झालेल्या बायकांपासून मागे गेला, स्वीडनचा ऑपरेशन झालेल्या मुलींपासून पुढे. शिवाय स्वीडनमधल्या मुलीचं अपेंडिक्स फुटलं तरी ती काही तासांत ऑपरेशनच्या टेबलावर असते, शिरेतून प्रतिजैविकं सुरू झालेली असतात. आपल्याकडे तसंच होईल असं कुणी सांगू शकत नाही. पू साचून आठवडाभर ताप राहिला, पुन्हा पोट उघडावं लागलं, अशा मुलीच्या नळ्यांची तपासणी पुढे लवकर करायला हवी. तिथेही एक दिलासा आहे. अपेंडिक्स उजवीकडे असल्याने चिकटलीच तर बहुधा उजवी नळी चिकटते. डावी नळी आणि डावं अंडाशय शाबूत असेल, तर गर्भ राहू शकतो. फक्त पाळी चुकली की अशा स्त्रीने लवकर सोनोग्राफी करून घ्यावी, कारण अर्धवट चिकटलेल्या नळीतच गर्भ रुजण्याची भीती असते आणि ती नळी फुटली तर जिवावर बेततं.

तेव्हा महत्त्वाचा असतो तो वेळ. अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा आधी बेंबीभोवती मंद कळ म्हणून सुरू होतं. जेवण नको वाटतं, एखादी उलटी होते. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि तिथे ठाण मांडतं. अंगात थोडी कसर येते. मुलगी वाकून चालू लागते. खोकलं तरी कळ जाते. रिक्षा गतिरोधकावरून उडाली की ती ओरडते, आणि ही खूण डॉक्टरांनी खरोखर तपासून पाहिलेली आहे. २०१२ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात अपेंडिक्सचा दाह पक्का ठरलेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी सांगितलं, की हॉस्पिटलकडे येताना गतिरोधकावर दुखणं वाढलं होतं. अर्थात गतिरोधकावर दुखलं म्हणजे अपेंडिक्सच, असा उलटा अर्थ नाही. पण जिला दुखत नाही तिला अपेंडिक्स असण्याची शक्यता बरीच कमी.

साधारण दीड दिवसानंतर फुटण्याचा धोका चढत जातो. नेमका हाच दीड दिवस घरात जातो. ओवा चावायला दिला जातो, बेंबीवर हिंग लावला जातो, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. मुलगी वयात आलेली असेल तर “पाळीचं असेल” म्हणून तो दिवस तसाच ढकलला जातो. पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल पाजणं तर यात सगळ्यात वाईट. सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाबाचा ताण आला तर ते फुटण्याची भीती वाढते. ओव्याने वाताची कळ थांबते हे खरं. पण सहा-आठ तास उजव्या बाजूला टिकून राहिलेलं, भूक मारणारं दुखणं हे ओव्याचं काम नाही.

मुलींच्या बाबतीत डॉक्टरांपुढेही पेच असतो. त्याच जागी अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, गाठ फुटलेली असू शकते, नळीत गर्भ राहिलेला असू शकतो, किंवा पाळीच्या मध्यावर बीज सुटतानाची साधी कळ असू शकते. अंडाशयाला पीळ पडला असेल तर काही तासांत रक्तपुरवठा तुटून ते निकामी होतं. म्हणून सोनोग्राफी हवीच. आणि मुलगी लग्नाची असो वा नसो, पाळी कधी आली हा प्रश्न डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून एकटीला विचारला, तर घरच्यांनी रागावू नये. त्या उत्तरावर तिचा जीव अवलंबून असू शकतो.

अपेंडिक्स किती घाबरवू शकतं, याची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पुण्यातली आहे. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींच्या पोटात दुखू लागलं. त्यांना ससून हॉस्पिटलमध्ये हलवलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने त्यांचं ऑपरेशन केलं. गांधीजींनी मुंबईहून आपले डॉक्टर बोलावण्याची इच्छा दाखवली होती. पण थांबायला वेळ नव्हता. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. रुग्ण वाचला, ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटकाही केली. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. पोटात पू झाला तर तो बाहेर काढणं आणि वाट पाहणं एवढंच हाती होतं. अशा काळात अपेंडिक्सचं नाव घेतलं तरी घरात रडारड होत असे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ती धास्ती आजही त्या व्रणाकडे पाहताना जागी होते.

आज बहुतेक अपेंडिक्स दुर्बिणीतून निघतात आणि मागे अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या तीन खुणा राहतात. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढणारा जगातला पहिला डॉक्टर जनरल सर्जन नव्हता, स्त्रीरोगतज्ज्ञ होता. जर्मनीतल्या कील इथल्या कुर्ट सेम यांनी १९८० साली ते ऑपरेशन केलं. स्त्रियांच्या पोटात कमीत कमी चिकटावं, नळ्यांना धक्का लागू नये, हा त्यांच्या सगळ्या कामामागचा ध्यास होता. जर्मन शल्यविशारद मात्र इतके भडकले, की सेम यांची प्रॅक्टिस बंद करावी अशी मागणी झाली. भारतात ही विद्या रुजवणारे डॉ. तेहेम्टन उडवाडिया मुंबईचे. १९७२ पासून ते पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण वापरत होते, आणि १९९० साली त्यांनी जे. जे. हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सरकारी हॉस्पिटलमधल्या गरीब रुग्णाला याचा फायदा सर्वांत जास्त, कारण तो लवकर कामावर परततो, असं ते आग्रहाने मांडत. मुलीच्या अपेंडिक्सच्या बाबतीत दुर्बिणीचा आणखी एक उपयोग होतो. त्याच वेळी दोन्ही अंडाशयं, दोन्ही नळ्या आणि गर्भाशय डोळ्यांनी पाहता येतं. ते पाहून कागदावर लिहून ठेवलं, तर तो कागद पुढे दहा वर्षांनी कामी येतो.

अपेंडिक्सला एवढं सोडून दिलं की मग खऱ्या कारणांकडे वळता येतं. नळ्या बंद होण्याचं जगभरातलं पहिलं कारण म्हणजे खालून वर चढणारा जंतुसंसर्ग. क्लॅमिडिया आणि परमा या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांचा त्यात मोठा वाटा. घाणेरड्या हातांनी झालेलं बाळंतपण किंवा अर्धवट गर्भपात यांचाही. क्लॅमिडिया तर बहुतेक बायकांत काहीच लक्षण दाखवत नाही. कुणाला अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात बोचतं, संबंधाच्या वेळी दुखतं. पण हे कुणाला सांगायचं? सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगायची लाज. मग ते अंगावर काढलं जातं.

हे अंगावर काढणं किती खोल आहे, ते डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, सरासरी एकीला ३.६, आणि त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. ४५ टक्के जणींची काही तक्रारच नव्हती. त्याआधी कधी ना कधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली हे छापून आलं, तेव्हा ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, ही सरकारी समजूत जगभर हादरली. गडचिरोली पनवेलपासून फार लांब आहे, आणि पनवेलच्या आसपास हॉस्पिटलांची कमतरता नाही. पण दवाखाना जवळ असणं आणि तिथे जाऊन हा विषय बोलता येणं यांत अजूनही अंतर आहे.

स्वीडनमधल्या लुंड शहरात लार्स वेस्ट्रॉम यांनी ओटीपोटाचा दाह झालेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नळ्यांच्या दोषामुळे गर्भ न राहण्याचं प्रमाण एकदा दाह झालेल्यांत ८ टक्के, दोनदा झालेल्यांत १९.५ टक्के, तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४० टक्के निघालं. हे आकडे अपेंडिक्सच्या व्रणाला घाबरणाऱ्या प्रत्येक घराने वाचावेत असे आहेत. पहिल्याच वेळी पूर्ण औषध घेतलं तर नुकसान आवाक्यात राहतं. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडल्या आणि नवऱ्याने औषध घेतलंच नाही, तर तोच संसर्ग फिरून परत येतो. दोघांनी एकाच वेळी औषध घेणं हा या उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच सुटतो. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

इथे गर्भपाताबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दलही गैरसमज मोठा आहे. कायद्याने, प्रशिक्षित डॉक्टरकडून, स्वच्छ साधनांनी केलेल्या गर्भपातामुळे सहसा वंध्यत्व येत नाही. लपूनछपून, दुकानातून गोळ्या आणून घरीच घेतल्या, अर्धवट राहिलं, ताप आला तरी कुणाला सांगितलं नाही, अशा वेळी पिशवीत आणि नळ्यांत संसर्ग शिरतो.

क्षयाची गोष्ट वेगळी आणि जास्त दुःखाची. कोनच्या टॉवरमध्ये घर लागलेली गिरणी कामगारांची कुटुंबं ज्या परळ-लालबाग-शिवडीच्या चाळींतून आली, तिथे दहा बाय बाराच्या खोलीत दहा-दहा माणसं राहत आणि क्षय घरोघरी माहीत होता. शिवडीचं टीबी हॉस्पिटल त्याच परिसरातलं. लहानपणी मुलीच्या फुप्फुसात शिरलेला जंतू अनेकदा काही दिवसांचा ताप-खोकला देऊन गप्प बसतो. पण तोवर रक्तातून तो गर्भनलिकांपर्यंत पोचलेला असतो. वयात आल्यावर, कधी लग्नानंतर, तो तिथे जागा होतो. अपेंडिक्स सहसा एका बाजूची नळी धरतं; क्षय बहुधा दोन्ही धरतो, आणि पुढे गर्भाशयाचं अस्तरही खरवडून टाकतो. पाळी कमी कमी होत जाते, किंवा पाळी अगदी नीट असते आणि दिवस राहत नाहीत एवढं एकच लक्षण दिसतं. खोकला नाही, ताप नाही, वजनही घटलेलं नाही, मग क्षय कसा असेल, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे.

निदान अवघड असतं. अस्तराचा तुकडा काढून त्याची पेशीतपासणी, जंतूंची वाढ, जनुकीय चाचणी अशा सगळ्यांचा मेळ घालावा लागतो; दुर्बिणीतून नळ्यांवर पांढरे ठिपके आणि मण्यांसारख्या गाठी दिसतात. बाकी काहीच खूण नसताना केवळ एका जनुकीय चाचणीच्या (पीसीआर) अहवालावरून सहा महिन्यांची औषधं सुरू करणं तज्ज्ञांना मान्य नाही, आणि अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात संकोच करू नये. क्षय पक्का ठरला तर औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये आहारासाठी मिळतात. औषधाने जंतू मरतो. बंद झालेली नळी मात्र क्वचितच उघडते.

टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र अशाच नळ्यांसाठी जन्माला आलं. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या, लेस्लीच्या, दोन्ही नळ्या बंद होत्या. बीज शरीराबाहेर फलित करून थेट गर्भाशयात सोडलं की नळीची गरज उरत नाही. मुंबईत हे काम गिरणगावातच झालं. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांचे सहकारी, आणि जवळच्याच राष्ट्रीय प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचा गट, यांनी मिळून ते जमवलं, आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये या तंत्राने हर्षा चावडाचा जन्म झाला. महापालिकेच्या हॉस्पिटलात, जिथे गिरणी कामगारांच्या बायका केसपेपर काढून रांगेत उभ्या राहत, तिथे हे घडलं, याचा अभिमान वाटायला हवा. पुढे हे तंत्र बहुतांशी खाजगी दवाखान्यांकडे गेलं आणि एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या पुढे जाऊन बसला. २०१६ साली हर्षा स्वतः आई झाली, तेव्हा तिचं बाळंतपणही डॉ. हिंदुजा यांनीच केलं.

बाकी कारणं थोडक्यात. पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर न सुटणं, यात नळ्या चांगल्या असतात. पाळी दोन-दोन महिने लांबते, वजन वाढतं, चेहऱ्यावर लव येते. प्रजननवयातल्या दहापैकी साधारण एका स्त्रीला हा त्रास असतो, आणि मूल न होण्याच्या कारणांत औषधांना सर्वांत चांगला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी हे एक आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात, दर पाळीत तिथे रक्त साचतं, अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’ होतात. पाळीत मुलगी शाळा-कॉलेजला जाऊ शकत नाही इतकं दुखत असेल तर “लग्न झालं की बरं वाटेल” हे उत्तर चुकीचं आहे. तिला तपासायला हवं. थायरॉइडचे दोष रक्ताच्या एका चाचणीत कळतात. आणि वय: विशीच्या तुलनेत पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात. शिक्षण आणि नोकरीसाठी लग्न लांबवणाऱ्या मुलींना हे टोमण्याच्या सुरात नाही, माहिती म्हणून सांगितलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं, की जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. व्यक्तीला, स्त्रीला नव्हे. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषातला दोष एकटा किंवा स्त्रीतल्या दोषाबरोबर असतो. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर दिलेला वीर्याचा नमुना. खर्च काही शे रुपये, वेदना शून्य. स्त्रीच्या नळ्यांचा एक्स-रे काढताना गर्भाशयात औषध सोडावं लागतं आणि पाळीपेक्षा जास्त कळा येतात. दुर्बिणीच्या तपासणीसाठी तर भूल द्यावी लागते. तरीही कितीतरी घरांत बाईचं सगळं होऊन जातं, देवाचे नवस फेडून होतात, आणि मगच नवऱ्याचा नमुना जातो, तोही दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये. हा क्रम उलटा करणं कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. ज्या डॉक्टरांनी नवऱ्याचा अहवाल पाहिल्याशिवाय बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, त्यांना त्याचं कारण विचारण्याचा हक्क त्या बाईला आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं, याचा साधा हिशेब आहे. वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून जावं. बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. अपेंडिक्स फुटलं होतं, क्षय झाला होता, किंवा ओटीपोटात संसर्ग होऊन सलाइनवर राहावं लागलं होतं, तर वर्षभर थांबू नये. अशा स्त्रीच्या नळ्या लवकर तपासल्या, तर पाच वर्षं बीज वाढवण्याच्या गोळ्या खाण्यात वाया जात नाहीत. आणि पुढे आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, वेळ आली तर त्यासाठीच्या २०२१च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या क्लिनिकमध्येच जावं. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणणं हा उद्धटपणा नाही.

त्या वेळी डॉक्टर सर्वांत आधी जुने कागद मागतात, आणि ते सहसा कुणाकडे नसतात. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं की डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं आणि काढलेल्या अपेंडिक्सचा पॅथॉलॉजीचा अहवाल, हे तीन कागद मुलीच्या दहावीच्या मार्कशीटबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावेत. डिस्चार्ज होताना सर्जनला विचारून घ्यावं: अपेंडिक्स फुटलं होतं का, पू किती आणि कुठपर्यंत होता, अंडाशय आणि नळ्या पाहिल्या का आणि कशा दिसल्या. उत्तर त्यांच्याच अक्षरात कार्डावर लिहून मागावं. ‘फुटलेलं नाही, दोन्ही नळ्या व अंडाशयं निरोगी’ एवढी एक ओळ कार्डावर असेल, तर लग्नानंतर तपासणीला गेलेल्या त्या मुलीची चौकशी अपेंडिक्सपाशी अडकत नाही. डॉक्टर सरळ पुढच्या प्रश्नाकडे जातात आणि पहिला नमुना नवऱ्याचा मागतात.